पाच स्पीकर आणि एक खाट

भांडी घासून पालथी घालावीत, तोवर दोन खरकटे कप मोरीत येऊन पडलेले असतात. आमच्या घरातल्या गमतींचंही तसंच झालंय. एक सांगून होत नाही तोवर दुसरी हजर! मंगळवारी भजनाला गेले की बायका टाळ हातात घ्यायच्या आधी विचारतात, "काय हो, स्पीकर कुठवर आले?" मी म्हणते, "जरा टेकू द्या, मग सांगते."

आधी घरची परिस्थिती सांगायला हवी. आमचे हे विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता चाला." पण ह्यांच्या मनाने जी भीती घेतली ती घेतलीच. उभं करायला गेलं की डोळे मिटून घ्यायचे. "पडंन मी," एवढंच बोलणं. मी भगवतीआईला बोलले, हे आपल्या पायांनी चालेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. टाचांना भेगा पडल्यात, उन्हात डांबरी रस्ता चटके देतो. पण देवीला घाई करायची नसते.

आमचा ओंकार पुण्यात सिनेमांच्या आवाजाचं काम करायचा. त्याच्या अप्पांना उठवायला-बसवायला माणूस हवा म्हणून तो कामासकट घरी आला. कामाबरोबर आले पाच स्पीकर! तीन पुढे, दोन पाठीमागे. सगळे कानाच्या उंचीला, सगळे कानाकडे तोंड करून, सगळे सारख्या अंतरावर. आणि आमच्याकडे मोठी खोली एकच, तिच्यात ह्यांची खाट.

*

पहिल्याच दिवशी ओंकार खुर्चीत बसला, सुतळीचं एक टोक स्वतःच्या नाकाला धरलं आणि दुसरं मला दिलं. "आई, ताठ धरून मागे जा." मी गेले. सुतळी संपली ती बरोबर ह्यांच्या उशीपाशी!

ओंकार हळूच म्हणाला, "अप्पा, खाट थोडी सरकवू का?"

हे छताकडे बघत म्हणाले, "मला हलवायचं म्हंजी दोन मान्सं लागत्यात. त्या डब्याला एका हातानं उचल की!"

झालं. मागचा डावा स्पीकर ह्यांच्या उशाशी उभा राहणार, हे ठरलं.

*

पण उभा कशावर करायचा? विकतचे स्टँड बघितले, तर त्यांची उंची ठरलेली. ओंकारला खालीवर होणारे हवे होते. मग माझ्या स्वयंपाकघरावर धाड पडली. खाली गव्हाचा डबा, त्यावर पोह्यांचा, त्यावर साबुदाण्याचा, आणि सगळ्यात वर स्पीकर. उंची कमी-जास्त करायची तर डबा बदलायचा. म्हटलं, लेकरू हुशार आहे.

दोन दिवसांनी ओंकार कपाळाला हात लावून बसलेला. "आई, मागचा आवाज खाली कसा गेला?"

"एकादशी आहे," मी म्हटलं. "खिचडीला साबुदाणा नको का?"

त्यानंतर तो पुण्याला फोनवर सांगायचा, "सोमवारी नको. मंगळवारी पाठवा. संकष्टी कधी आहे ते बघून कळवतो." पुण्याच्या माणसांना वाटायचं, पोरगा फारच धार्मिक!

*

धूळ बसू नये म्हणून मी स्पीकरवर ओटीतले खण घातले होते. हिरवे, लाल काठांचे. छान दिसायचे. आमच्या चुलत जाऊबाई, सुमन, ह्यांना बघायला आल्या. आल्या त्या चपला काढून दारातच थबकल्या.

"बया! घट बसवलं व्हय गं? आमाला सांगायचं न्हाई का?"

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले होते. बाहेर येऊन बघते, तर सुमनने देव्हाऱ्यातला करंडा आणून तिन्ही पुढच्या स्पीकरना हळदकुंकू लावलेलं! मधल्यापुढे पदर पसरून म्हणते, "आई, आमच्या भावजींना पायावर हुबं कर."

ओंकारच्या कानात ती हेडफोनची बोंडं. त्याने सुमनकडे न बघताच कुठलंसं बटण दाबलं आणि मधला स्पीकर गरजला, "आजवर तुझं एक तरी ऐकलंय का मी?"

सुमन जी सुटली ती फाटकापाशी जाऊन थांबली. चपला दुपारी मला पोचवाव्या लागल्या. पण खाटेवरून खुसखुस ऐकू आली. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदा हसले. मी ते कुंकू दोन दिवस पुसलं नाही.

*

मागच्या उजव्या स्पीकरला अखेर स्टँडचा पंखा सापडला. जाळी आणि पाती काढली, वर फळी बांधली. चावी सैल केली की नळी खालीवर, मान हवी तिकडे वळते. असं उत्तम काम! फक्त ऊन चैत्राचं होतं.

हे म्हणाले, "मला वारा पायजे. आवाज न्हाई."

मग मी पोथीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायची आणि ओंकार आवाज घालत बसायचा.

राहिला डावा. साबुदाण्यावर ओंकारचा भरवसा उरला नव्हता. खोलीभर बघता बघता त्याची नजर दारामागे गेली. तिथे दवाखान्यातून आणलेला वॉकर घडी घालून उभा होता. मुठींवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. चारही पायांना भोकं, बटण दाबलं की पाय लांब, पुन्हा दाबलं की आखूड. ओंकारला हवं होतं तेच. पण विचारायचं कसं? तो नुसताच बघत राहिला.

हेच म्हणाले, "ने की. मला काय करायचाय."

ओंकारने मान खाली घालून वॉकर उघडला, मुठींच्या पुढच्या टोकांवर आडवी फळी ठेवली, स्पीकर नाडीने आवळून बांधला. छान बसला. त्या दिवशी मी देवळात गेले आणि देवीसमोर बसून राहिले. मागण्यासारखं काही सुचेना. घरी येऊन पायांना तेल चोळलं आणि भाकरी टाकायला बसले.

*

पुढचं काम आलं ते पावलांचं. सिनेमात कुणीतरी पाठीमागून चालत येतं, आणि ते प्रेक्षकाला पाठीमागूनच आल्यासारखं वाटलं पाहिजे. झालं, आठवडाभर ह्यांच्या उशाशी पावलं! सकाळी पावलं, जेवताना पावलं. ओंकार ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा लावायचा. "खोटं वाटतंय," म्हणायचा.

एकदा हे वैतागले. "आरं, ह्यो मानूस निस्ता चालतोय चालतोय, पोचत कुठंच न्हाई!"

"पोचेल अप्पा. जरा दम धरा."

"मी लई दम धरलाय. त्यालाच इचार."

सोमवारी मी देव्हाऱ्यापुढे कहाणी वाचायला बसले. आमच्याकडे रीत अशी, की कहाणी सुरू झाली की मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, वळून बघायचं नाही. पाठीमागच्या खोलीत पावलं चालूच होती. मग थांबली. मी वाचत राहिले. जरा वेळाने पुन्हा सुरू झाली, पण वेगळीच. टक्, मग काहीतरी घासल्यासारखं, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. मध्येच धाप लागल्यासारखा श्वासही. किती बारीकसारीक घालतो हा पोरगा, असं मनात आलं. आवाज हळूहळू जवळ आला, उंबऱ्यापर्यंत आला, अगदी पाठीशी आला.

कहाणी संपली. मी अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि न वळताच म्हटलं, "ओंकार, आज जमलं रे तुला! पाऊल अगदी खरं वाटतंय."

"वंकार गच्चीवर हाय. फोन आलाय त्याला."

मी वळले. दोन्ही हात वॉकरच्या मुठींवर, अंग घामाने निथळलेलं. फळीवर स्पीकर तसाच बांधलेला, वायर मागच्या खोलीतून फरफटत आलेली.

"ह्यो डबा सोड आदी," हे म्हणाले. "चालताना मधी येतोय."