बोल्टांसकट

नागपूरची जमीन हलू शकते, यावर देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवणारा एकच माणूस मी पाहिला; ते माझे थोरले साडू. शहराबाहेर वाडीच्या बाजूला तेल साठवायच्या लोखंडी टाक्या उभ्या राहत, त्यांचे पाये आखणे हे त्यांचे काम. कोयनेची धरणी हलल्याचे पेपरात वाचल्यापासून टाकी त्यांच्या डोक्यातून घरीही उतरेना. कपाटे त्यांनी तारेने भिंतीला बांधली. पंगतीत कढीची वाटी बोटभर रिकामी ठेवायला लावत आणि हलत्या भांड्यातली लाट कडेवर कशी चढते, ते वाढप्याला थांबवून समजावत. त्यांच्या मुलीला पाहायला काटोलचे संत्र्यांचे बागाईतदार आले. त्यांनी सहज विचारले, आपण करता काय? साडूंनी भरलेले घंगाळ मध्ये आणून गदगदा हलवले. लाट थेट पाहुण्यांच्या धोतरावर. पाहुणे शांतपणे म्हणाले, "इंजिनियरसाहेब, आमी पोरगी पाहाले आलो, न्हाले नाही." लग्न मात्र ठरले. असा माणूस काही लपवून ठेवणार नाही, असे त्यांना वाटले असावे.

वाडीची एक टाकी घेराला लहान आणि उंचीला फार होती. धक्का बसला तर तिची एक कड उचलली जाईल, म्हणून साडूंनी नकाशात ती पायाच्या काँक्रीटला जाड बोल्टांनी जखडली. वरिष्ठांनी नकाशावरचे बोल्ट लाल पेन्सिलीने खोडले, इथे भूकंप कधी झालाय असे हसून विचारले, आणि वरच्या जागेसाठी आपण त्यांचेच नाव धाडणार आहोत, याचीही आठवण दिली. त्यांच्या बायकोने समजावले. मीही शहाणपणाने म्हणालो, खोडलेल्या नकाशावर सही करून टाका.

"तुमी एवढी पुस्तकं वाचता, मंग असं काहून बोलून राहिले गा?" ते म्हणाले. "जमीन काय आपल्याले विचारून हालते?"

सही त्यांनी केली नाही. वरची जागा दुसऱ्याला मिळाली. नकाशा दोन महिने पडून राहिला आणि शेवटी बोल्टांसकट मंजूर झाला, कारण खोडलेल्या बोल्टांखाली वरिष्ठही आपली सही करेनात.

गेल्या महिन्यात रामदासपेठेतल्या दवाखान्यात साडू वारले. आदल्या दुपारी मी थट्टेने विचारले होते, एवढी तयारी केली, भूकंप काही आला नाही, याचे वाईट वाटते का? ते किंचित हसले. "तिथं माणसं काम करतात गा. येऊच नये."

परवा अमरावती रोडने जाताना बसमधून ती टाकी दिसली. शेजारच्या प्रवाशाला मी बोटाने दाखवली, आणि पुढे काय सांगावे ते सुचेना. जिला काहीच झाले नाही, त्या टाकीची काय गोष्ट सांगणार?