हरीण पळालं

दहावीपर्यंत मी इंग्रजी शाळेत शिकले आणि अकरावीला कर्जतच्या कॉलेजात आले. इथे वर्गात सगळं मराठीतून चालायचं. मराठी मला येत होतंच, घरी दुसरं काय बोलत होतो? पण मधेच एखादा ‘ॲक्च्युअली’ निसटायचा आणि मागच्या बाकावरून खसखस पिकायची. मग मी बोलणंच कमी केलं, आणि माझं नाव ‘मॅडम’ पडलं. गप्प बसणाऱ्याला बघायला मात्र भरपूर वेळ मिळतो. कोणाच्या चपलेचा अंगठा कितव्यांदा शिवलाय, कोण डबा झाकून खातं, मला सगळं ठाऊक होतं.

माझ्या शेजारी कळंबची एक मुलगी बसायची. तेवढी एकच जागा रिकामी होती म्हणून. तिच्या घरी भातशेती. आठवडाभर माझं मौन सोसून एक दिवस ती म्हणाली, “तुला बोलता येतंय ना गं? मंग भाजी कशी झालीय ते तरी सांग. रोज माजीच खातेस.”

तिला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं ते एस.टी.च्या मागे. चपला हातात, पाय अनवाणी, आणि गाडीच थांबली शेवटी. खेळाच्या सरांनी तिला अलिबागच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवडलं आणि सांगितलं, “पांढरा टी-शर्ट घालून ये.” टी-शर्ट तिच्याकडे नव्हता. भावाच्या लग्नात आहेरात आलेलं, बाह्यांचं एक कोरं बनियन होतं. ते ती दाखवायला घेऊन आली आणि बाकीच्या मुलींना विषयच मिळाला.

“बनियन घालून धावनार? अलिबागवाले म्हनतील, बापाचं पळवून आनलं.”

“पळवलं तर पळवलं. पळायलाच चाललेय ना मी?” ती हसत म्हणाली. पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

“मी त्याचा टी-शर्ट करून देते,” कोणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. “रंगवून. सोमवारच्या आत.”

मग मागून आलंच, “आगं बाई, मॅडम बोलली!”

आता शब्द गेला होता. कॉलेजात आल्यापासून एकदाच वर्गासमोर तोंड उघडलं, ते फुकट जाऊन चालणार नव्हतं.

बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून कापडावर चालणारा लाल रंग आणला. एकच छोटी बाटली, तेवढंच जमत होतं. ब्रश शाळेच्या रंगपेटीतला होता. बनियन मी धुवायला बादलीत टाकलं होतं. आईने ते बाबांच्या शर्टांबरोबर धुतलं आणि त्यांच्याचबरोबर भाताच्या पेजेतून काढलं. आमच्या घरी बाहेर घालायचा सुती कपडा कांजीशिवाय दोरीवर जायचा नाही.

“बनियनला कांजी?” मी विचारलं.

“चार लोकांत घालायचंय म्हणालीस ना? मग कडक नको?”

मी हात लावून पाहिला. बनियन ड्रॉइंग पेपरसारखं ताठ झालं होतं. मला बरंच वाटलं. चित्रकलेत मला शाळेत बक्षिसं मिळाली होती, ती सगळी कागदावर. आत पुठ्ठा सरकवला आणि छातीवर उडी मारणारं हरीण काढलं. रंग कुठे फुटला नाही, रेघ हलली नाही. शिंगांची टोकंसुद्धा अशी आली की दहिवलीच्या आमच्या आळीत दोन घरांतून बायका बघून गेल्या.

शुक्रवारी सरावाला तिने ते घातलं. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या, घाम आला, आणि अंगाशी भिजलेली कांजी चिकट व्हायला लागली. रंग बसला होता तो कांजीवर, कापडावर नाही. आधी शिंगं गेली, मग पापुद्रे सुटून पायही गेले. शेवटी छातीवर एक लाल डाग राहिला.

“हरीण पळालं गं! पुढं गेलं, तू मागं ऱ्हायलीस!”

सगळं मैदान हसत होतं. मी सायकल काढून घरी जाऊ शकले असते. आधी तसंच केलं असतं. पण ती घाम पुसत माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, प्रश्न होता. मी म्हणाले, “चल माझ्या घरी. आत्ताच.”

घरी पोचल्यावर आधी पाणी तापवलं. बनियन दोनदा कढत पाण्यातून काढून चोळलं, बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. हरणाचा उरलासुरला अवशेषही त्यात गेला. कपडा मऊ, लोळागोळा झाला. अडचण एवढीच होती की बाटलीच्या तळाशी थोडासाच रंग होता. त्यात चित्र भागणार नव्हतं.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गौरीची पावलं पुसट दिसत होती. ती मीच काढलेली. पाहुण्यांशी बोलावं लागू नये म्हणून हे काम मी दर वर्षी मागून घ्यायचे. कालवलेल्या तांदळाच्या पिठात मूठ करंगळीच्या बाजूने बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. उजव्या मुठीचं उजवं पाऊल, डाव्या मुठीचं डावं. पीठ कमी लागतं आणि हात बसला की चुकत नाही.

मी रंग बशीत ओतला आणि मूठ टेकवली. आधी वर्तमानपत्रावर, मग बनियनवर. कमरेपासून खांद्याकडे तिरकी चढत जाणारी लाल पावलं. रंग या वेळी धाग्यात शिरत होता, कडा जराशा पसरत होत्या. पसरू दे म्हटलं.

आई दारात उभी राहिली. “अगं, गौरीची पावलं? घामाच्या बनियनवर?”

मी काही बोलायच्या आत कळंबची म्हणाली, “काकू, गौर घरात येती. ही तर अलिबागला चाललीत. माजीच पावलं हायती ती, बघा की, चप्पल कुटं हाय?”

आईने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि हसू दाबत आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “अंगठा मोठा काढ गं. पळणाऱ्याचा अंगठा मोठा असतो.”

रविवारी रंग पुरता वाळल्यावर बनियन उलटं करून इस्त्री फिरवली. कांजीची बादली मी आधीच मोरीच्या बाहेर नेऊन ठेवली होती.

अलिबागला ती तिसरी आली. “पुडच्या दोघींच्या पायांत बूट व्हते,” तिने येऊन सांगितलं. मग पिशवीतून ते बनियन काढून वर्गातच माझ्या मांडीवर टाकलं. “घामाचं, मातीचं, सगळ्याचं झालंय. धुऊन बघितलं मी. ढिम्म हललं नाय.”

पावलं सगळी जागच्या जागी होती. अंगठेसुद्धा.

मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या दोघी माझ्यापाशी आल्या. बनियन उलटसुलट करून पाहिलं. त्यांतली एक, हरणावर सगळ्यात मोठ्याने हसलेली, म्हणाली, “मॅडम, आमाला पन करून देशील? माज्या बनियनवर हरीण काढ हां. तुजं हरीण चांगलं व्हतं, पळालं म्हनून काय झालं?”

“काढते की,” मी म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “रंग तू आण. आणि बनियन बिनकांजीचं. पेजेतून काढलेलं आणलंस तर ॲक्च्युअली हातही लावणार नाही.”

हसले सगळे. मीही.