मोटारीच्या गादीतले कोंब

पावसाळ्यात गादीला कुबट वास आला की मला आजही मळमळतं आणि सासऱ्यांची, म्हणजे नानांची, धरणगावची मोटार आठवते. तिच्या गादीत घोड्याचे केस भरलेत हे कळताच नानांनी किळस येऊन ते उपसून टाकले आणि घरच्या शेतातला कापूस भरला, तोही सरकीसकट. मग नाल्याला पूर आला आणि मोटार खिडक्यांपर्यंत बुडाली.

लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईच्या सणाला मला माहेराहून सासरी न्यायला नाना तीच मोटार घेऊन जळगावला आले. "बठ्ठं वाळी गयं, बस माय," म्हणाले; म्हणे सगळं वाळलंय. स्वतः मात्र पुढे लाकडी पाट टाकून बसले. मी मागे टेकले तशी गादीतून कोमट, चिकट पाणी वर आलं आणि लुगड्यातून मांड्यांना लागलं. मेलेल्या उंदरासारखा वास! धरणगावपर्यंत नाकाला पदर लावून ओकारी गिळत राहिले.

दारात उतरले तेव्हा उसवलेल्या शिवणीतून आलेले सरकीचे पांढरे, बुळबुळीत कोंब माझ्या लुगड्याला मागे चिकटलेले होते. सासूबाईंनी चक्क हात जोडले. "कानबाई पावनी वं माय!"

नव्या सुनेच्या अंगावर कोंब, म्हणजे कूस उजवणार, हा शुभशकुन घरात अजून कौतुकाने सांगतात. सांगणाऱ्यांतलं त्या गादीवर कुणीच बसलं नव्हतं.