पहिली फेरी रिकामी

अप्पा गेल्याचं मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोनवर सांगितलं. "मंदा, अप्पा गेले गं. सकाळी टोपलीतून दूध वर घेतलं, भिंतीवरच्या कागदावर खूण केली, खुर्चीत बसले आणि... बसलेच." फोनवर मला एरवीही बोलायला सुचत नाही. शेवटी काकूंनीच विचारलं, "आहेस ना?" मी "हो" म्हटलं, तेवढंच. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हा जे बोलता आलं नाही ते वहीत लिहून काढते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण मला लिहायला बसवलं तेच मुळी अप्पांनी, तेव्हा हा वेळ त्यांच्याच नावावर.

अप्पा माझ्या नात्यातले नव्हते. ते कसबा पेठेतले, आम्ही धायरीचे. दिरांनी आणि आम्ही मिळून शेत बिल्डरला दिलं, त्याच्या बदल्यात त्याच इमारतीत आम्हाला दोन खोल्या मिळायच्या होत्या. इमारत उभी राहीपर्यंत यांना तिथेच सामानाच्या कोठीवर काम मिळालं आणि मी साइटच्या ऑफिसात चहा करायला लागले. जिथे आमची ज्वारी उभी असायची तिथे सळया उभ्या राहिलेल्या बघायला पहिले काही दिवस फार चमत्कारिक वाटायचं. अप्पा तिथे हॉइस्ट चालवायचे. हॉइस्ट म्हणजे माल वर चढवायची उघडी लिफ्ट. लोखंडी मनोरा, त्यात तारेच्या दोराला टांगलेला पाळणा आणि खाली मोटर. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते दोन बस बदलून रोज धायरीला यायचे. पांढरा लेंगा, काळी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी माझा चहा पिऊन म्हणाले, "बाई, चहात साखर घातलीय की साखरेत चहा?" मी मान खाली घालून आत पळाले. दुसऱ्या दिवशी साखर कमी केली, तर म्हणाले, "आता औषध म्हणून घेतो."

हॉइस्टवर पाटी होती, 'यातून माणसांनी जाऊ नये'. सगळ्या साइटवर अशी पाटी असते आणि तिच्याखालून माणसं वर जातात. अप्पांच्या हॉइस्टवर कुणी चढलं की ते मोटर बंद करून विडी नव्हे, तर चक्क वर्तमानपत्र काढून वाचत बसायचे. एकदा पूजेसाठी बिल्डरचे वडील आले. चांगले जाडजूड गृहस्थ, पूजा चौथ्या मजल्यावर. ते सरळ पाळण्यात जाऊन उभे राहिले. अप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "आपलं वजन सिमेंटच्या दोन गोणींएवढं भरेल. मशीनला काही अडचण नाही. पण गोणी पडली तर आम्ही दुसरी आणतो. आपल्याला कुठून आणायचं?" म्हातारबाबा खो-खो हसत उतरले आणि चार मजले धापा टाकत चढून गेले. जाताना पेढ्यांचा पुडा त्यांनी आधी अप्पांच्या हातात दिला.

माझ्याशी त्यांचं जमलं ते डब्यांमुळे. ऑफिसातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'चहा', 'साखर', 'कपड्याचा सोडा'. अप्पांनी त्या चष्मा वर करून नीट पाहिल्या. "हे कुणाचं अक्षर?" म्हणाले. मला वाटलं, काहीतरी चुकलं. "माझं हाय," मी म्हटलं. "एवढं चांगलं अक्षर सोड्यावर वाया घालवताय," असं म्हणून ते गेले आणि दुपारी एक कागद घेऊन आले. हॉइस्ट रोज सुरू करण्याआधी तपासून त्यावर खुणा करायच्या, खाली सही करायची, तो कागद पूर्ण झाल्याशिवाय मशीन लावायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. कागद इंग्रजीत होता. अप्पा म्हणाले, "हा कुणालाच वाचता येत नाही, म्हणून यात कधी चूक सापडत नाही." मग त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी आखीव कागदावर लिहिलं. दोर, ब्रेक, खालचं दार, वरची अडकण म्हणजे पाळणा शेंड्याला जाऊन धडकू नये म्हणून असलेला स्विच, मनोऱ्याचे बोल्ट, आणि शेवटी 'पहिली फेरी रिकामी'. पुढे महिन्याच्या तारखांचे रकाने. "रोज भरायचं," म्हणाले. "मला बारीक दिसत नाही, तुम्ही लिहा."

मी तो कागद घरी नेला. पट्टी घेतली, निळं पेन घेतलं, आणि गृहपाठ पुरा करावा तसे एका बैठकीत तीसच्या तीस रकाने भरून टाकले. सगळीकडे 'ठीक'. एकही खाडाखोड नाही. सकाळी मोठ्या अभिमानाने अप्पांना दिला. ते मशीनपाशी उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "बाई, आपण ज्योतिष बघता हे माहीत नव्हतं."

"म्हंजे?"

"पुढच्या गुरुवारी ब्रेक ठीक आहे म्हणता. बरं झालं, काळजी मिटली. अनंत चतुर्दशीला साइट बंद असते, त्या दिवशीही दोर तपासलात. मिरवणूक सोडून आलात वाटतं?"

मला रडूच आलं. ते पाहून अप्पा जरा गडबडले. पिशवीतून त्यांनी मलमलीची एक चिंधी काढली, मला वाटलं डोळे पुसायला. तर म्हणाले, "ही डोळ्यांना नाही, दोराला. चला." मोटर बंद होती. त्यांनी चिंधी तारेच्या दोराभोवती गुंडाळली, माझा हात धरून त्यावर ठेवला आणि हळूहळू सरकवायला लावला. "दोरातली एखादी बारीक तार तुटली असली तर चिंधी अडकते. डोळ्याला चष्मा लागतो, चिंधीला लागत नाही." हाताला येईल तेवढा दोर झाला की ते मोटर जरा फिरवून पुन्हा बंद करायचे, मग पुढचा भाग. नंतर बोल्टांवर छोट्या हातोडीने टकटक. घट्ट बोल्ट खणखणतो, सैल असला की बोदा आवाज येतो. अप्पांच्या घरी तांब्याची भांडी ठोकण्याचा धंदा होता, त्यामुळे त्यांना आवाजावरून सगळं कळायचं. शेवटी रिकामा पाळणा वर जाऊन खाली यायचा, आणि मग अप्पा म्हणायचे, "आता लिहा. एकच रकाना. आजचा." पुढे सात-आठ महिने रोज सकाळी आम्ही दोघं हे करायचो. साइटवर त्याला 'अप्पांची पूजा' म्हणायचे.

मग तो स्लॅबचा दिवस आला. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून अप्पा येणार नव्हते. आदल्या दिवशी जाताना त्यांनी कागद आणि चिंधी माझ्या हातात दिली. "बदली ऑपरेटर येईल. तपासायचं तुम्ही. दिसेल ते लिहा. न दिसलेलं लिहू नका." एवढंच.

सकाळी मिक्सर लागला होता, चाळीस माणसं उभी होती. पाळण्यात माल भरणाऱ्या दोघी बायका पदर खोचून बरोबर दोराखाली थांबल्या होत्या. मी चिंधी गुंडाळून सरकवायला लागले. अर्ध्या दोरापर्यंत गेली आणि अडकली. मागे घेतली, पुन्हा सरकवली. पुन्हा तिथेच. मलमलीचा एक धागा तारेला लटकून राहिला.

इंजिनिअर साहेब आले. "काय मंदाबाई, झाली पूजा? करा खूण, लावू दे मशीन."

"साहेब, चिंधी अडकतीय."

"मग दुसरी घ्या."

"तसं न्हाई... तार तुटलीय आतली."

"एका तारेनं दोर तुटतो का? उद्या नवा मागवतो. आज स्लॅब आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या खोल्याही यातच आहेत ना? काम लांबलं तर ताबा कुणाचा लांबेल?" हे माझ्या मागेच उभे होते. "मंदे, कर की खूण," हे पुटपुटले, "साहेब सांगतायत न्हवं?"

मला कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. भाजीवालीने पिवळी मेथी दिली तरी मी घेऊन यायची. शेत गेलेलं, खोल्या अजून हाती यायच्या, यांची नोकरी साहेबांच्या हातात... सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. म्हणून लिहिला. दोराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, बाजूला लिहिलं, 'तार तुटली आहे, चिंधी अडकते', खाली पूर्ण नावाने सही केली आणि कागद बदली ऑपरेटरच्या हातात दिला.

त्याने तो वाचला आणि मशीनवरून खाली उतरला. "साहेब, कागदावर 'नाही' लिहिलंय. मी हात लावत नाही."

"अरे, त्या चहा करतात!"

"असतील. पण लिहिलंय की."

त्या दिवशी सगळा माल घमेल्यांनी चढला. तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत जिन्यावर माणसांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत मला इतक्या शिव्या बसल्या की विचारू नका. "मंदे, तुझ्या अक्षराला आग लाव," असं पाळण्यात माल भरणाऱ्या दोघींतली पारू येता-जाता म्हणत होती. मी चहा करत राहिले. त्या दिवशी चहात साखर किती पडली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. त्यांनी दोर खाली घेतला, चिंधी अडकली तिथे पीळ उलगडला. एका पेडातल्या सात-आठ तारा तुटलेल्या होत्या. वरून दिसत होत्या दोनच. साहेबांनी वाकून पाहिलं आणि ते फोन करायला गेले. नवा दोर दुपारी आला. पारूने तो उलगडलेला दोर पाहिला आणि ती माझ्याजवळ येऊन चिकटून बसली. अप्पांनी कागद हातात घेतला. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "अक्षर बिघडलंय."

"हात कापत हुता, अप्पा."

"कापू दे. सही सरळ आहे."

खोल्यांचा ताबा पुढे वर्षभर लांबलाच. पण त्याचं कारण दोर नव्हता, बिल्डरचेच कुठले तरी दुसरे कागद अडकले होते. अप्पा म्हणाले, "त्यांच्याकडे चिंधी नसेल." आणि साहेबांबद्दल खोटं कशाला लिहू... त्या दिवसानंतर रोज सकाळी मशीन लावायच्या आधी तेच विचारायचे, "मंदाबाई, कागद झाला का?"

इमारत संपली, अप्पा घरी बसले, पण येणं-जाणं राहिलं. कसब्यात ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बोळ इतका अरुंद की समोरच्या घरातली फोडणी अप्पांच्या घरात शिंकवायची. दूध-भाजी वर घ्यायला त्यांनी गॅलरीत छोटा रहाट बसवला होता. हाताने फिरवायचा, बारीक तारेचा दोर, त्याला आकडा आणि आकड्याला टोपली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कागद पुढे करून म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. वजन पाच किलोपर्यंत. खाली कोणी उभं नाही हे बघून सोडावी. पहिली फेरी रिकामी. मांजर बसवू नये. "मांजर?" मी विचारलं. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "बसवलं होतं ना यांनीच! वजन बघायला." त्याखाली तारखांचे रकाने होते. अप्पा रोज सकाळी त्यात खूण करायचे. दुधाच्या दोन पिशव्यांसाठी!

मागच्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले. भिंतीवर माझ्या अक्षरातलाच कागद होता. शेवटची खूण त्या सकाळची, पुढचे रकाने रिकामे. काकू म्हणाल्या, "मला कुठलं ते येतं? मी आपली देवाचं नाव घेते आणि सोडते. दिवसकार्याला माणसं आली तेव्हा बटाटे, तांदूळ, सगळं त्यातूनच वर घेतलं." चिंधी खिळ्याला लटकत होती. मी ती काढली, दोराभोवती गुंडाळली, रहाट फिरवत सरकवत गेले. आकड्यापासून हातभर अंतरावर ती अडकली.

मी पेन मागितलं आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'.

"म्हणजे दुधासाठी मी आता तीन जिने उतरू?" काकू म्हणाल्या.

"आज मी जाते. पन टोपली सोडायची न्हाई, काकू." एवढं मी तोंडाने म्हटलं.

काल हे आणि मी नवी तार घेऊन गेलो. यांनी ती रहाटावर गुंडाळली, आकडा बसवला, मी चिंधी फिरवली. कुठे अडकली नाही. काकूंनी वाकून खाली कोणी नाही ना ते पाहिलं आणि टोपली सोडली. खाली दूधवाला पिशव्या घेऊन बाजूला उभा होता. त्याच्यासमोरून टोपली खाली गेली, टेकली आणि तशीच पुन्हा वर यायला लागली. तो ओरडला, "अहो काकू, दूध राहिलं! रिकामीच चालली!"

काकूंनी रहाट थांबवला नाही. वरूनच म्हणाल्या, "रिकामीच येणार. नियम आहे आमच्याकडे."