पलटणकाकूंची येळवस

जवान शहीद झालेल्या घरी आमच्या पलटणकाकू कधी म्हणजे कधी वेळेवर पोचल्या नाहीत. सगळा तालुका लोटायचा, पुढाऱ्यांच्या गाड्यांनी गावाची वेस बुजून जायची, हारांच्या ढिगाखाली अंगणातली तुळस गुदमरायची, आणि काकू आपल्या ओसरीवर निवांत शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. तेरावं उरकलं, मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली, शेवटचा पाहुणा एसटीत चढला, की मग त्या उठायच्या आणि मला फोन करायच्या, "डायवर, जीप काढ. आता घर रिकामं झालं असंल."

मी निलंगा-किल्लारी रस्त्यावर जीप हाकतो. काकू माझ्या गल्लीतल्या. भेटायला जाणारा माणूस हातात पिशवी घेतो, काकू काखेत वळकटी घ्यायच्या. उंबऱ्याच्या आत गेल्या की पहिल्यांदा वळकटी टाकायच्या, नंतर चपला काढायच्या. म्हणजे घरच्यांना लगेच कळायचं की ही बाई घटकाभर टेकायला आलेली नाही, आता बुलडोझर आणला तरी हलायची नाही.

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जीप पंक्चर होऊन आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो म्हणून. त्यांचा नवरा फौजेत हवालदार. बर्फाच्या डोंगरात गेला तेव्हा काकूंचा मुलगा रांगत होता. "तेराव्यापर्यंत माझ्या घरात पाय ठिवाया जागा न्हवती," काकू म्हणाल्या. "येणारी परतेक बाई म्हणायची, आमी हावोत की! तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर दारात कुत्रं सुदिक न्हाई. मानूस गेला त्या दिवशी मी येवढी भेले न्हवते, जेवढी त्या सकाळी भेले." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि चाकाचे नट स्वतःच आवळले. ते पुन्हा सोडवायला मला लातूरला गॅरेजमध्ये जावं लागलं.

काकूंचा आवाज हा वेगळाच विषय आहे. त्यांनी निलंग्याच्या बाजारात भेंडीचा भाव विचारला की हद्दीपलीकडचा कानडी बागवान उत्तर द्यायचा. मुलानं त्यांना मोबाइल कशासाठी घेऊन दिला हे मला अजून उमगलेलं नाही, कारण त्यांचा आवाज आधी पोचायचा आणि घंटी नंतर वाजायची. मी फुगवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणू द्या. त्यांना काकूंनी कधी हाक मारलेली नाही.

पण ज्या घरी त्या वळकटी टाकत, तिथे हाच आवाज औषधासारखा लागू पडायचा. "रडू नको" हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. भाकरीचं ताट पुढे सरकवून म्हणायच्या, "रड बाई, लई रड. पन जेवून रड. उपाशी रडणारीचा घसा बसतो, आन मग सासरच्यांना वाटतं, हिचं रडून झालं."

मुदखेडची सुलोचना तर नवरा गेल्यापासून बोलायचीच बंद झाली होती. डॉक्टर झाले, अंगारे झाले, माहेरचे येऊन हात जोडून गेले. काकू गेल्या आणि तिच्यासमोर बसून स्वतःच बोलायला लागल्या. लग्नात नवऱ्याचा फेटा कसा उडाला, तो बकरीनं कसा खाल्ला, त्या बकरीला नंतर दोन करडं झाली ती फेट्याच्याच रंगाची कशी होती! मुदखेड जंक्शनवर गाड्या येत राहिल्या, जात राहिल्या, काकूंची गोष्ट एकाही स्टेशनावर थांबली नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऐकून ऐकून सुलोचनेनं शेवटी हात जोडले आणि म्हणाली, "काकू, पाया पडते तुमच्या, जरा गप बसा की हो!"

दारात उभी असलेली तिची सासू रडायला लागली. काकू म्हणाल्या, "बसते गप. आता तू बोल."

अशा एकेक करून बाया जमत गेल्या. कुणी नांदेडकडची, कुणी औशाकडची. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या निलंग्याला भेटायच्या, म्हणून लोकांनी नाव पाडलं पलटण, आणि काकू झाल्या पलटणकाकू. बाजारात भज्यांच्या गाड्यापाशी उभ्या राहून त्या इतक्या हसायच्या की एकदा एका बाईला राहवलं नाही. पदर तोंडाला लावून तिनं विचारलं, "काकू, तुमी समद्या जणी... मालक न्हाईत न्हवं तुमचे?"

"हाव," काकू म्हणाल्या, "मालक न्हाईत. दात हायेत अजून."

या पलटणीतली सगळ्यात लहान म्हणजे संगीता. माहेर किल्लारीकडचं, दिलेली पार हद्दीवरच्या गावात. इतकं हद्दीवर की तिथला कोंबडा महाराष्ट्रात आरवतो आणि कोंबडी कर्नाटकात जाऊन अंडं घालते. तिचा नवरा सीमेवर पडला तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती. सासऱ्यांनी आपल्या हयातीतच दोन्ही मुलांना शेत वाटून दिलेलं, शेजारी शेजारी, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याच्या अलीकडे थोरला विठ्ठलराव आणि त्याची बायको कमल, पलीकडे संगीता.

आणि आली येळवस. लातूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या गावांत चोरालासुद्धा कुणी भेटत नाही, कारण चोरही शेतात जेवायला गेलेला असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. शेतमालकानं जोडीनं त्यांची पूजा करायची, आणि मग ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील शिंपडत, 'ओलगे ओलगे, सालम पोलगे' असं ओरडत पिकाभोवती फिरायचं. त्यानंतर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांच्यावर तुटून पडायचं. वाटसरूलासुद्धा ओढून आणून जेवू घालतात.

विठ्ठलरावानं पारावर जाहीर केलं, "संगीताच्या वावरातली पूजा यंदा मी आन आमची मंडळी करणार. नवरा नसलेल्या बाईनं पांडव कसे पुजायचे? आन येळवशीला जो आंबील शिंपडतो, वावर त्याचं, ही आपली जुनी रीत हाय."

ऐकायला गोड होतं. पण पारावर बसलेल्या प्रत्येकाला पुढचं कळलं. यंदा आंबील त्याची, पुढच्या मृगात पेरणी त्याची, आणि त्यानंतर संगीता लेकीला कडेवर घेऊन किल्लारीच्या जीपमध्ये. संगीतालाही ते कळलं. तिनं काकूंना फोन केला आणि एवढंच म्हणाली, "काकू, मी माहेरालाच जाऊन राहते."

"जाशील, जाशील," काकू म्हणाल्या. "आदी येळवस तर खाऊन जा. आमी समद्या येणार हावोत. आंबील जरा आंबट कर."

येळवशीच्या सकाळी अशी धुई पडली होती की मला जीपचं बोनेट दिसत नव्हतं, मी अंदाजानं हाकत होतो. मागे अख्खी पलटण कोंबलेली. संगीताच्या शेतापाशी पोचलो आणि जीप थांबायच्या आतच काकूंनी उडी टाकली. धुईत समोर कोप दिसली. आत पांडव मांडलेले, हळदकुंकू, नारळ, भज्जीचं पातेलं, सगळं तयार. माणूस मात्र एक नाही.

"बगा, पोरीनं किती नेटकं केलंय!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी संगीताला हाक मारली. ती विहिरीवर पाण्याला गेली होती. त्या आवाजाच्या रोखानं ती धुईतून घागर सांभाळत, लेकीला ओढत धावत आली. कोपीत डोकावली आणि दचकली. "काकू, पन ही तर..."

"पन न्हाई आन बिन न्हाई. बस खाली. जोडीला लेक हाय की तुझी, तिला घे शेजारी."

संगीतानं आणखी दोनदा तोंड उघडलं. पण काकू बोलत असताना तोंड उघडून काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे. पूजा झाली. सुलोचनेनं तिच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला, पाठीला हात लावून बाहेर ढकललं, आणि निघाली वरात! पुढे संगीता, तिच्या पदराला धरून पोरगी, मागे पलटण. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" हरभऱ्यातल्या पाखरांनी त्या दिवशी जी झेप घेतली, ती म्हणे बिदरला उतरली.

तेवढ्यात ऊन आलं आणि धुई फाटली. धुऱ्याच्या पलीकडे दुसऱ्या कोपीसमोर नवी टोपी घालून, हातात नारळ घेऊन विठ्ठलराव उभा होता. शेजारी कमल. संगीताचं शेत ताब्यात घ्यायच्या घाईत तो भल्या सकाळीच तिच्या कोपीत गेला होता. स्वतःची कोप अलीकडे मांडून ठेवली होती, ती पूजा नंतर करू म्हणून.

"ए! ए!" तो ओरडला. "माझ्या वावरात काय करून राहिल्या तुमी?"

पलटण जागच्या जागी थांबली. आरडाओरडा ऐकून आसपासच्या शेतांतली माणसं हातातले उंडे तसेच घेऊन धुऱ्यावर जमली. काकूंनी कोपीकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! हे तुमचं वावर हाय?"

"मग कुणाचं!"

"धुईत दिसलंच न्हाई बगा. चुकलं आमचं. पन आता कसं करावं विठ्ठलराव? पूजा झाली, आंबील शिंपून झाली. येळवशीला जो आंबील शिंपडतो वावर त्याचं, तुमीच म्हणलात पारावर. म्हंजी हे वावर आता संगीताचं झालं की."

"असं कुटं असतंय का!" विठ्ठलराव उसळला. "तांब्याभर आंबील सांडली म्हणून वावर दुसऱ्याचं व्हतंय का कधी?"

बोलून गेला आणि थांबला. धुऱ्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "न्हाई ना व्हत? मग तिच्या वावराचं बी न्हाई व्हत, भाऊ."

सासरे बैलगाडीच्या साटीवर बसले होते. धाकटा गेल्यापासून त्यांनी घरातल्या कुठल्याच गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. ते काठी टेकत उतरले. "इठ्ठल," ते म्हणाले, "धुरा वलांड आन तुझ्या वावरात ये. पोरी, तू तिकडं जा, तुझ्या कोपीत. तुझे पांडव वाट बघून राहिलेत."

विठ्ठलराव मान खाली घालून धुरा ओलांडून आला, मागे कमल. संगीता पलीकडे गेली. या खेपेला तिला कुणी ढकललं नाही, ती आपल्या पायानं गेली. लेकीला शेजारी बसवून तिनं स्वतःच्या कोपीत पूजा केली आणि स्वतःच्या पिकाभोवती आंबील शिंपडली. तिच्या मागून 'ओलगे ओलगे' असा आवाज कुणाचा यावा? कमलचा! "आमची पूजा तर फुकटात झाली," असं म्हणत ती आपलं भज्जीचं पातेलंच उचलून धुरा ओलांडून गेली होती. मग काय, दोन्ही शेतं एका जागी जेवली. विठ्ठलरावही जेवला. त्यानं उंडे किती खाल्ले ते मी सांगत नाही, तुम्ही मला खोटारडा म्हणाल.

परतताना मी विचारलं, "काकू, खरंच चुकलं का हो?"

"डायवर, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय."

"त्याचं ऑपरेशन झालं की दिवाळीत. मीच नेलं होतं लातूरला."

"मग धुई लई होती," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून झोपी गेल्या. किंवा तसं दाखवलं.

संगीता कुठेही गेली नाही. पुढच्या मृगात तिनं स्वतः पेरलं, आणि पेरणीला बैल विठ्ठलरावाचे होते.

काकू मागच्या श्रावणात गेल्या, दुपारी, जेवण झाल्यावर लवंडल्या तेव्हा. एवढं मोठं काम त्यांनी आवाज न करता केलं याचं गल्लीला आजही नवल वाटतं. पलटणीच्या बाया आल्या, पोटभर रडल्या आणि, खरं सांगतो, आधी जेवून रडल्या.

यंदा थंडीत मुदखेडकडच्या एका गावातला जवान गेल्याची बातमी आली. तेरावं झालं तशी मी जीप काढली आणि संगीताच्या दारात उभी केली. ती वळकटी घेऊन आली. तिच्या मागे कमल, तिच्याही काखेत वळकटी.

"वहिनी, तुम्ही कुठं?" मी म्हणालो.

"कामून? माझा नवरा जिता हाय म्हणून मला जीपमधी जागा न्हाई का?"

मागून विठ्ठलरावाचा आवाज आला, "न्या बाबा, न्या. भाकरी थापता येतात मला."

मुदखेडहून सुलोचनेला घेतलं आणि त्या गावी पोचलो. घर गार पडलेलं. आतल्या खोलीत ती पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती. संगीता आणि सुलोचना आत गेल्या. कमल उंबऱ्यावर आली तशी शेजारच्या एका म्हातारीनं तिचा दंड धरला. "तू कुंकवाची बाई हायस, माय. सवाष्णीनं इतक्या लवकर तिच्याजवळ जाऊ न्हाई. कुणीच गेली न्हाई आमच्यातली."

"म्हणून तर येवढ्या लांबून मला यावं लागलं," कमल म्हणाली.

दंड सोडवून ती आत गेली. वळकटी टाकली, चपला नंतर काढल्या, आणि त्या पोरीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत म्हणाली, "सरक जरा बाई. मला बी भिंतीला टेकू दे."

पोरीनं मान वळवली. कमलच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे बराच वेळ पाहिलं. मग ती सरकली.