माती ओली ठेवायची

साचेकाका कोणाशी बोलायला लागले की हळूहळू त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. गंगेकाठी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या मराठी घरांतल्या बायका यावर हसत. काका म्हणत, "चेहरा तर सगळेच सजवून बसतात. मान कोण सजवतं?" माणसांचे खांद्यापर्यंतचे पुतळे करणं हा त्यांचा धंदा.

बाबा गेले तेव्हा सगळी कामं मी उरकली. दहावा, तेरावा, रेल्वेच्या ऑफिसातले कागद. रडायचं राहून गेलं. आईही रडली नाही. "यांचा पुतळा करायचा," एवढंच म्हणाली.

आम्ही काकांना दोन फोटो दिले. ते म्हणाले, "वहिनी, फोटोला मागची बाजू नसते. ती तुम्ही सांगायची." आई रोज दुपारी जाऊ लागली.

"डावा कान जरा बाहेर. अहो, इतका नाही, माकड कराल त्यांचं."

"आमचे मास्तरही एवढे कडक नव्हते," म्हणत काका माती काढत.

मातीचे बाबा तयार झाले. मी पाहिलं, ठीक वाटलं. आता वर प्लास्टरचा साचा चढवायचा, आतली माती खरवडून काढायची, त्या पोकळीत मेणाचं डोकं, आणि मेण वितळवून त्याच्या जागी पितळ. माती काढताना काका घरच्यांना थांबू देत नसत. मातीचे बाबा असे खरवडले जाणार हे आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "साचा नको. असेच राहू देत."

"वहिनी, सुकले की तडकतील."

"मी सुकू देणार नाही."

ती रोज जाऊन ओलं फडकं गुंडाळू लागली. मी काकांना म्हटलं, तुम्ही समजवा. "जल्दी काय आहे?" ते म्हणाले. पितळ ओतणाऱ्या कसेऱ्याची भट्टी आमचं काम न घेताच दोनदा पेटून विझली. काकांनी आईला साच्याचं एकदाही विचारलं नाही. फक्त तिच्यासाठी पाणी भरून ठेवत.

मे महिन्यात लू, तो भाजणारा वारा, सुटली आणि फडक्याखालीच नाकाला चीर गेली. आईने चिरेवरून ओलं बोट फिरवलं. मग म्हणाली, "घ्या साचा."

काकांनी चीर बुजवली, साचा घेतला. माती काढायच्या दिवशी आई घरी गेली नाही, काकांनीही तिला जा म्हटलं नाही. दोघं समोरासमोर बसून बोटांनी माती काढत होते. घमेलं भरलं. गंगेवरचा पंचगंगा घाट खालीच. अस्थींसारखी हीही गंगेत सोडायची असेल, असं समजून मी घमेलं उचललं.

"तिकडे कुठे?" आई म्हणाली. "काकांच्या मातीच्या हौदात टाक. पुढच्या माणसाला लागेल."