मुलाखतीची धास्ती

लाखांदूरला आमच्या शेजारची मुलगी बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राही. तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचं होतं. रोज संध्याकाळी तिचा तोच प्रश्न असे, "काकू, नागपूरले बीएच्या मार्कांवर घेतात, मंग मुंबईले परीक्षा आन् मुलाखत काहून?"

मुंबईचा अभ्यासक्रम तिला आवडला होता. धास्ती मुलाखतीची होती. "माह्यं बोलनं आयकून हासतील," ती म्हणे.

शेवटच्या दिवशी तिनं माझ्या मोबाइलवरून अर्ज भरला तो मुंबईचाच. बोटाची ओढणी सोडवून तिनं बटण दाबलं.

"आता मांगं घेता येते का, काकू?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतं मी घेतलाच असता."